व्यक्तिचित्र : चेहरा, नाव आणि नजर

एखादे व्यक्तिचित्र चांगले की वाईट हे ठरवताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो : ते हुबेहूब झाले आहे का? चित्रातला माणूस खऱ्या माणसासारखा दिसला की चित्रकार जिंकला, नाक जरा वाकडे गेले की हरला. ही कसोटी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली उणीव चटकन ध्यानात येत नाही. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेच नाही, त्याचे चित्र हुबेहूब आहे असे कशाच्या आधारे म्हणायचे? संग्रहालयात टांगलेल्या चित्रांतली बहुतेक माणसे आपल्याला अनोळखी असतात. तरी काही चित्रांपुढे आपण थबकतो आणि काहींवरून नजर फिरवून पुढे जातो. म्हणजे सारखेपणाखेरीज आणखी काहीतरी तिथे काम करत असते. ते काय, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील करडी या गावी बसून लिहितो आहे. कलादालने इथून लांब आहेत. 'व्यक्तिचित्र' हा शब्द इथे बोलण्यात येत नाही; रंगवलेले असो, छापील असो की मोबाइलवर काढलेले, सगळ्याला 'फोटो' हाच शब्द पुरतो. पण म्हणून इथे व्यक्तिचित्रे कमी आहेत असे नाही. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीत, विहारात आणि घरोघरी पुढच्या खोलीत ती आहेतच. फरक आहे तो वापराचा. कलादालनात माणूस चित्रापुढे हात मागे बांधून उभा राहतो. इथे चित्राला हार घालतात, त्यापुढे उदबत्ती लावतात, जयंतीच्या दिवशी ते भिंतीवरून उतरवून खुर्चीवर ठेवतात आणि त्याच्या साक्षीने भाषणे करतात. 'प्रतिमापूजन' ही महाराष्ट्रातल्या सार्वजनिक जीवनातली रोजचीच गोष्ट आहे. आपल्या कलासमीक्षेने मात्र तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. निव्वळ कलादालनातून पाहिले तर व्यक्तिचित्राचा अर्धाच अर्थ हाती लागतो, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : व्यक्तिचित्र चेहरा, नाव आणि नजर या तीन गोष्टींवर उभे असते. 'नजर' म्हणजे इथे एवढेच, की कोणीतरी या माणसाकडे हा माणूस म्हणून पाहिले आणि त्यासाठी वेळ घालवला. यांतली एक जरी गोष्ट निसटली तरी उरते ते दुसरेच काहीतरी असते. या तीन गोष्टी एकमेकींपासून कशा तुटतात आणि कशा जुळतात, हे पाहण्यासाठी आपल्या प्रदेशात पुरेसा पुरावा आहे.

नावे राहिली, चेहरे गेले

भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेकाठी पवनी आहे. मौर्य-सातवाहन काळापासून नांदते असलेले हे नगर. तिथे सापडलेल्या एका शिलास्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, आणि त्या स्तंभाला लेखात जो शब्द वापरला आहे तो 'छायाखंभ', म्हणजे छायास्तंभ. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांमुळे हा लेख आपल्याला ठाऊक आहे. मृताच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडाला 'छाया' म्हणावे यात मला फार अर्थ दिसतो. छाया म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे प्रतिरूपही. माणूस उभा असेल तरच सावली पडते. इथे माणूस गेल्यावर त्याची सावली उभी केली आहे. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षांनी कॅमेरा आला तेव्हा मराठीने त्याच्या कामगिरीला 'छायाचित्र' म्हटले. शब्द नव्याने घडला, पण त्याची मुळी आपल्याच मातीत होती.

दुसरे उदाहरण पश्चिमेकडचे, जुन्नरजवळच्या नाणेघाटातले. तिथल्या लेण्यात सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या आठ पूर्णाकृती मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या आणि वर त्यांची नावे होती. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने व्यक्तिचित्रदालनच म्हणता येईल. आज तिथे मूर्ती नाहीत. पायांच्या काही खुणा उरल्या आहेत आणि वर नावे मात्र वाचता येतात. नाणेघाटात उभे राहिले की कळते, नाव हे चेहऱ्यापेक्षा टिकाऊ असते. पण हेही कळते की निव्वळ नावाने भूक भागत नाही. नागनिकेविषयी तिथल्या मोठ्या लेखात यज्ञांचे आणि दानांचे तपशील आहेत, तरी आपण वर वर पाहत राहतो ती त्या रिकाम्या जागेकडे.

चेहरे आले, नावे नाहीत

याच्या अगदी उलट प्रकार इंग्रजी अमदानीत घडला. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड निघाले. देशभरातल्या माणसांची छायाचित्रे त्यांत होती, पण हेतू माणसे दाखवण्याचा नव्हता. जाती आणि जमाती यांचे नमुने मांडण्याचा होता. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होते. त्या प्रांतासाठी आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेला 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया' हा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. माहितीचा तो मोठा साठा आहे आणि आजही अभ्यासकांना त्याच्याकडे वळावे लागते. पण त्यातली चित्रे पाहत गेले की मन खट्टू होते. चेहरे स्पष्ट आहेत. कोणाच्या डोळ्यांत संकोच आहे, कोणाच्या ओठांत हसू दाबलेले आहे. चित्राखाली मात्र बहुतेक ठिकाणी जात, धंदा किंवा चाललेले काम लिहिलेले असते. ती बाई कोण, तो म्हातारा कोणाचा कोण, याचा पत्ता नाही.

तांत्रिकदृष्ट्या ही छायाचित्रे कितीतरी वेळा उत्तम आहेत. हुबेहूबपणाच्या कसोटीवर तर ती पूर्णच उतरतात, कारण कॅमेऱ्याने जे समोर होते तेच टिपले. तरी त्यांना व्यक्तिचित्र म्हणवत नाही. पाहणाऱ्याला त्या एका माणसाशी काही देणेघेणे नव्हते. त्याच्या जागी त्याच जातीचा दुसरा माणूस उभा केला असता तरी पुस्तकाचे काम भागले असते. ज्या चित्रातला माणूस बदलला तरी चित्राला फरक पडत नाही, तो नमुना. ज्या चित्रात माणूस बदलताच चित्र कोसळते, ते व्यक्तिचित्र. माझ्या मते दोहोंतली सीमारेषा इथे आहे. झाडीपट्टीतले चेहरे छापील कागदावर आले ते आधी नमुने म्हणून, हे आपण विसरू नये.

हा दोष परक्यांचाच होता असेही नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले मातब्बर चित्रकार. ओटो रॉथफेल्ड यांच्या 'वीमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातीधर्मांच्या स्त्रिया रंगवल्या. पेहराव, दागिने, चालण्याची ढब या साऱ्यांत त्यांचा हात इतका सराईत आहे की चित्रे पाहताना आनंद होतो. पण तो आनंद प्रकारांचा आहे. याच धुरंधरांनी समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढले की त्यांची रेषा वेगळी वागते. ती थांबते, चाचपडते, त्या एका चेहऱ्याच्या अडचणी सोडवू लागते. एकाच हाताने दोन्ही कामे केली, म्हणून फरक कौशल्याचा नाही हे उघड होते. फरक नजरेचा आहे.

चित्रकाराची नजर

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात समई घेतलेली, ज्योतीवर तळवा धरलेली तरुणी. बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश आणि मागे अंधार. हे चित्र लाखो घरांत छापील रूपात पोचले आणि कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे समजत राहिले. समोर उभी होती ती हळदणकरांची मुलगी गीता. शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात त्यांचे निधन झाले तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की त्या चित्रातल्या बाईला नाव होते, आयुष्य होते, आणि ती इतकी वर्षे आपल्याच काळात जगत होती.

मग हे व्यक्तिचित्र म्हणायचे का? चित्राचे शीर्षक म्हणते, नाही. ते आशेचे चित्र आहे. चेहरा गीताबाईंचा आहे, नाव मात्र एका भावनेचे. तरी हे चित्र नमुन्यासारखे कोरडे वाटत नाही, आणि याचे कारण मला नजरेत दिसते. बापाने मुलीकडे पाहिले आहे. बोटांच्या पेरांतून येणारा प्रकाश रंगवायला जलरंगात किती धीर लागतो हे ज्यांनी ब्रश धरला आहे त्यांना सांगायला नको, आणि तो धीर त्या विशिष्ट हातासाठी खर्ची पडलेला आहे. इथे चेहरा आहे, नजर आहे, नाव झाकलेले आहे. नाव कळल्यावर चित्राची एक रेषाही बदलत नाही. तरीही ते पूर्वीसारखे पाहता येत नाही. नाव ही चित्राबाहेरची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नाव एक आणि चेहरे दोन असाही प्रकार आपल्याकडे आहे. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरात (उद्घाटन १९६८) गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत. एक स्त्रीभूमिकेतले आणि एक पुरुषवेशातले. प्रेक्षकांच्या मनातले बालगंधर्व कोणते? ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले त्यांच्यासाठी बहुधा पहिलेच. नारायण श्रीपाद राजहंस या माणसाचे दुसरे. देऊसकरांनी एकाची निवड न करता दोन्ही चेहऱ्यांना जागा दिली, यात मला त्यांची समज दिसते. माणूस एका चेहऱ्यात मावतोच असे नाही, हे त्यांनी त्या दोन चौकटींतून मान्य केले.

समाजाने घडवलेला चेहरा

ज्यांच्यासमोर चित्रकाराला बसताच आले नाही अशांची चित्रे हा वेगळाच विषय आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम यांचे जे चेहरे आपल्या डोळ्यांपुढे येतात ते पुढच्या चित्रकारांनी आणि छापखान्यांनी दिलेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर एके काळी भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन पुराव्याच्या आधारे ते दूर करून महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले. पुढे कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेले चित्र शासनमान्य होऊन कचेऱ्यांतून आणि शाळांतून पोचले. नाव आणि चेहरा यांची चुकीची गाठ पडली तर ती सोडवण्यासाठी कुणाला तरी आयुष्य वेचावे लागते, हा बेंद्र्यांच्या कामातला धडा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याहून वेगळे आणि आम्हा भंडारेकरांना जवळचे आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि ते पडले. ज्या जिल्ह्याने तेव्हा त्यांना निवडून दिले नाही, त्या जिल्ह्यात आज त्यांचे चित्र नसलेले गाव शोधावे लागेल. त्यांची बहुतेक मूळ छायाचित्रे कृष्णधवल आहेत. पण गावातल्या पेंटरला किंवा मूर्तिकाराला विचारा, तो कोट निळाच रंगवील. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. हे चित्र कुणा एका चित्रकाराने ठरवलेले नाही. ते लाखो लोकांनी मिळून ठरवले आहे.

कलेच्या पारंपरिक मोजमापाने पाहिले तर गावोगावच्या या चित्रांत शेकडो दोष सापडतील. चेहरा एका ठिकाणी रुंद, एका ठिकाणी निमुळता. कपाळ कधी फारच मोठे. तरीही एकदाही ओळख चुकत नाही. इथे चित्रकाराच्या नजरेची जागा समाजाच्या नजरेने घेतली आहे, आणि तीही वेळ घालवलेलीच नजर आहे. पिढ्यानुपिढ्या घालवलेला वेळ. शिवाय त्या कोटाला अर्थ आहे. ज्यांना अंगावर धड कपडा घालण्यावरूनही टोकले जाई, त्यांच्या माणसाने पूर्ण पोशाखात, पुस्तक घेऊन, ताठ उभे असावे, ही मागणी त्या चित्रात आहे. म्हणून या चित्रांचे मूल्यमापन करताना समीक्षकाने 'दिसतात का तसे?' या प्रश्नावर थांबू नये. 'कोणी, कशासाठी, असेच पाहायचे ठरवले?' हा प्रश्न विचारावा.

घरातली भिंत

सार्वजनिक भिंतीवरून घरातल्या भिंतीवर येऊ. आमच्याकडे साध्या कुटुंबातल्या मागच्या पिढीतल्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, आयुष्यात एक किंवा दोनच फोटो निघालेले असतात. एक कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. दुसरा सरकारी ओळखपत्रासाठी काढलेला. माणूस गेला की घाईने यांतलाच एक शोधला जातो, तालुक्याच्या स्टुडिओत नेला जातो आणि तेराव्याच्या आत मोठा होऊन चौकटीत येतो. माझ्या आजीचे तसेच झाले. तिचा फोटो होता तो मतदार ओळखपत्रावरचा. संगणकावर बसलेल्या मुलाने मागची पांढरी भिंत काढून निळे आकाश घातले, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या आणि विचारले, "आजीला साडी कोणती लावू?" रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात धानाच्या बांधीत राबलेली माझी आजी जरीकाठी साडीत भिंतीवर आली. बाबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "फोटो मायचाच आहे, पण माय दिसत नाही."

आपल्या विषयाच्या दृष्टीने हे वाक्य मला मोलाचे वाटते. चेहरा होता, नाव होते; नजर नव्हती. ओळखपत्रासाठी फोटो काढणाऱ्याला फक्त डोळे उघडे हवे होते, आणि सुरकुत्या पुसणाऱ्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. पण म्हणून त्या जरीकाठी साडीला खोटे ठरवून मोकळे व्हायला मी तयार नाही. शेतकऱ्याला सूट घालणारे, म्हातारीला पैठणी नेसवणारे स्टुडिओ थट्टेचा विषय होतात खरे. परंतु जे तिला जन्मभर मिळाले नाही ते निदान भिंतीवर मिळावे, ही इच्छा घरच्यांचीच असते. ती इच्छा आणि बाबासाहेबांचा निळा कोट यांत मला नाते दिसते. साडीने फसवणूक झाली नाही. सुरकुत्या गेल्या तिथे झाली. साडी ही आमची मागणी होती, सुरकुत्या हे तिचे स्वतःचे होते.

मृत्यू आणि व्यक्तिचित्र यांची ही जवळीक जुनी आहे. भासाच्या 'प्रतिमानाटका'त आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेर प्रतिमागृहात शिरतो. तिथे पूर्वजांच्या मूर्ती आहेत. देखभाल करणारा एकेकाचे नाव सांगत जातो, आणि जिवंत माणसांच्या मूर्ती इथे ठेवत नाहीत हे कळल्यावर आपले वडील दशरथ गेल्याचे भरताला उमगते. इजिप्तमधल्या फायूम प्रदेशात इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ममीच्या तोंडावर बसवण्यासाठी लाकडी फळ्यांवर चेहरे रंगवत. तेही मेलेल्या माणसांसाठीच, पण त्यांचे डोळे टक्क उघडे आहेत आणि एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. तरी कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिले होते हे फळीवरून कळते. आपल्याकडे देवघरात पितरांचे टाक असतात. टाकावरची आकृती ठोकळेबाज असते, पण हा अमक्याचा, हा तमक्याचा, असे घरातली म्हातारी बोट ठेवून सांगते. तिथे नाव सारे काम करते, आणि ते सांगणारी जिवंत असेतोवरच.

शब्दांतले व्यक्तिचित्र

मराठीत 'व्यक्तिचित्र' हा शब्द रंगांच्या चित्रालाही लावतात आणि शब्दांच्या चित्रालाही. ही सोय मला महत्त्वाची वाटते. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले. गावातली साधी, गरीब, कुठल्याही सरकारी ग्रंथात नमुना म्हणूनच गेली असती अशी माणसे त्यात नावानिशी आली. माडगूळकर स्वतः चित्रेही काढत, आणि त्यांच्या लेखनातला चेहरा थोडक्या रेघांतच उभा राहतो. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) हे त्याच वाटेवरचे, सूर वेगळा. त्यातली कितीतरी माणसे तशी कधी अस्तित्वातच नव्हती, तरी वाचकाला ती नावाने ओळखीची आहेत. या पुस्तकांचे श्रेय सांगताना आपण भाषा, विनोद, करुणा यांविषयी बोलतो. मला त्याआधीची गोष्ट सांगावीशी वाटते : जात-धंद्याखाली हरवलेल्या चेहऱ्याला त्यांनी नाव परत दिले, किंवा नाव देण्याची सवय वाचकाला लावली. वसाहतकाळातल्या चित्रग्रंथांना मराठी साहित्याने दिलेले उत्तर म्हणून ही पुस्तके वाचून पाहावीत.

याचा अर्थ असा की व्यक्तिचित्राची कसोटी माध्यमावर अवलंबून नाही. दगड, रंग, कॅमेरा, शब्द, काहीही असो. चेहरा एखाद्या तपशिलातून ओळखता यावा, नाव त्याला बांधलेले असावे, आणि करणाऱ्याने किंवा करवणाऱ्याने त्या माणसासाठी वेळ मोजलेला दिसावा. हुबेहूबपणा हा या तिहींपैकी पहिल्या गोष्टीचा एक प्रकार आहे, त्याहून अधिक नाही.

मग आजचे काय? आज फोटोंची टंचाई नाही. धान रोवताना, जत्रेत, वाढदिवसाला, जेवताना. प्रत्येक हातात कॅमेरा आहे आणि एकेका माणसाचे हजारो चेहरे साठत आहेत. पण एका फोटोसाठी क्षणभराहून जास्त कुणी थांबत नाही, आणि फोटोखाली नाव लिहिण्याची पद्धत तर गेलीच. पूर्वी निदान कागदी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नाव आणि साल लिहीत. नाणेघाटात चेहरे झिजले आणि नावे राहिली. आपल्या घरांत उलटे होणार अशी चिन्हे आहेत : चेहरे स्वच्छ, रंगीत, ठसठशीत उरतील, आणि दोन पिढ्यांनंतर ते कोणाचे हे सांगणारे कोणी नसेल. तेव्हा आपणच आपले नमुने झालेलो असू, आणि त्यासाठी कुणा रसेलची गरज लागलेली नसेल.

समीक्षेने यावर उपाय सांगावा अशी अपेक्षा नसते. पण या दिवाळीत घर सारवताना, रंगवताना भिंतीवरच्या चौकटी खाली उतरतील, तेव्हा त्यांच्या पाठीवर नाव, गाव आणि ठाऊक असेल तर जन्मसाल लिहून ठेवायला खर्च येत नाही. जमल्यास आणखी एक ओळ लिहावी : हा माणूस काय करत असे, कसा हसत असे, कशाला घाबरत असे. ती ओळ लिहायला बसलात की तेवढा वेळ तुम्ही त्या माणसाकडे पाहाल, आणि चौकटीत जे कमी होते ते तिथे पोचेल.